जो बूट सुकटावर धरतो

दत्तू,

तू मनालीसाठी घेतलेले बूट मी कापले. जाळं कापायच्या सुरीने, टाचेपासून चवड्यापर्यंत, दोन्ही तळवे. तुझ्या बायकोला, शालनला, हे कळल्यापासून ती मला बघितलं की पदर सारखा करते आणि दुसरीकडे बघते. मनाली तर माझी सख्खी नात, एका घरात राहते, पण माझं ताट आजीच्या हाती पाठवते. तुला कुणी काही भलतंसलतं सांगायच्या आत मीच सांगून टाकतो.

शोकसभा झाली तुझी. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. एक जण उठून म्हणाला, दत्ताराम सर आयुष्यात कुणाला कधी टाकून बोलले नाहीत. मला हसू आलं. लोकांनी वळून बघितलं, तरी मी हसलो. तू टाकून बोलल्याशिवाय कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. दुसरा म्हणाला, सर फार मोठे खेळाडू होते. तू कारखान्याच्या संघात राखीव, बाकावर बसणारा होतास आणि हे तूच मला एकदा ताडी पिऊन सांगितलंस. सकाळी परत विचारलं तर म्हणालास, कोण म्हणतंय. मग माईक माझ्यापुढे आला. मी तो शेजारच्याला दिला. तुझ्या फोटोला एवढा मोठा हार होता, त्याच्यासमोर खरं बोललो असतो तर मला बाहेर काढलं असतं. आमच्या समाजाच्या अंकात तुझ्यावर लिहायला पान मिळालं ते बरं झालं. इथून कोण काढतो बघू. लिहिताना हात अडखळतो, चौथीत शाळा सुटली माझी. पण तुझ्याशी भांडायला चौथी पुरते.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा गावात आलास ते? घिवलीच्या अंगाला आमचं गाव, तिथे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट कुणी मागितलं नव्हतं. कुठल्याशा योजनेतून आलं. दोन खांब, दोन रिंगा, मध्ये गुळगुळीत सिमेंट. आमच्या बायकांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, सुकट वाळवायला आयती जागा झाली. एका बाजूला जवळा, एका बाजूला करंदी, रिंगांच्या खांबांना बांबू बांधून बोंबील. तू सुटीच्या दिवशी बोईसरहून सायकल मारत आलास, काखेत चेंडू, आणि माझ्या म्हातारीला, मनालीच्या आजीला, म्हणालास, "मावशी, मासं उचला. हितं पोरी खेळणार."

म्हातारीने तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आदी माजा जवला सुकंल, मंग तुजा चेंडू."

"आवो, ह्ये खेळाचं मैदान हाय."

"खेळ पोटात जातो काय? ये, बस. घाटावरचा दिसतोस. बोंबील खातोस का नुसता वास घेतोस?"

मी तिथेच जाळं विणत बसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंस, मी पुरुष म्हणून तुझी बाजू घेईन असं वाटलं तुला. मी म्हटलं, "माजी होडी हाय, मी तांडेल हाय. पन कोर्टावर तिचं चालतं." तेव्हापासून तू मला मरेपर्यंत तांडेल म्हणत राहिलास, होडी गेल्यावरही. इतर लोकांनी बंद केलं, लाज वाटली असेल त्यांना. तुला लाज नव्हती.

शेवटी ठरलं की उन्हं कलली की बायकांनी सुकट उचलायची आणि पोरींनी खराटा मारायचा. पण खराट्याने तेल जातं काय? बोंबील गळतो, त्याचं पाणी सिमेंटात मुरतं, वर खारी हवा. पोरी धावल्या की घसरायच्या. अनवाणी धावल्या तर तळवे सोलायचे, शाळेचे कॅनव्हास घातले तर गुडघे फुटायचे. तू पोरींना शिव्या दिल्यास, मग मला दिल्यास, मग सिमेंटला दिल्यास, आणि मग बुटांच्या मागे लागलास. तिथून तुझं वेड सुरू झालं. तू दुकानदाराकडून बूट परतीच्या बोलीवर आणायचास. अंगठ्याचं नख तळव्यात दाबायचास. नख रुतलं की बूट बाजूला. मग चवड्यातून वाकवायचास, आणि शेवटी जिथे बोंबील सगळ्यात जास्त गळायचे तिथे तो दाबून ओढायचास. असे किती दुकानदारांचे बूट तू माशाच्या वासाने बाटवून परत केलेस, देव जाणे.

मग तुला ते काळे सापडले. टणक रबर, खोल खोल खाचा. सुकटावर टाकला की जागचा हलत नव्हता. आणि उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, त्या खडबडीत झालेल्या सिमेंटवर वर्षभर झिजत नव्हता. तू सगळ्या पोरींना तेच घ्यायला लावलेस आणि छाती काढून म्हणालास, "जो बूट सुकटावर धरतो, त्यो जगात कुटंबी धरतो."

बोईसरच्या कॉलनीतल्या पोरी आल्या होत्या आपल्याकडे खेळायला, तो दिवस मी विसरलो नाही. त्यांचे बूट देखणे, मऊ, पांढरे. त्यांचं कोर्ट रंग दिलेलं, स्वच्छ, रोज झाडलेलं. आमच्या कोर्टावर त्या पहिल्या धावेतच आडव्या. म्हातारी कडेला बसून म्हणाली, "बघा, पापलेटं आली." तू तिला गप बस म्हणालास आणि स्वतः तोंड फिरवून हसलास. आपल्या पोरी जिंकल्या. मग त्यांच्या रंगीत कोर्टावर जाऊनही जिंकल्या, तुझे काळे बूट तिथेही धरले. तिथून तुझं डोकं फिरलं. गावात सगळे तुला सर म्हणायला लागले. कारखान्यात सुपरवायझर तुला "ए दत्तू, इधर आ" म्हणायचा, ते मी कानांनी ऐकलंय. इथे सर.

मी तुला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. "एक बूट सगळीकडं धरत नाय."

"का रं?"

"होडीवर मी दोन नांगर ठेवतो. चिखलाला येगला, खडपाला, खालच्या दगडाला, येगला. चिखलात रुंद पात्याचा धरतो. खडपात त्योच टाकला तर नुसता खरवडत जातो, तितं आकड्यांचा लागतो."

"आरं तांडेल, बूट म्हंजे काय नांगर हाय व्हय?"

"काम एकच हाय. धरायचं."

"पोरगी म्हंजे होडी न्हाय. पोरीला पाय हायत. पाय टाकाय शिकली की बूट कुटलाबी धरतो."

हा वाद आपण कोर्टाच्या कडेला बसून वर्षानुवर्षं घातला. पोरी म्हणायच्या, सर आणि आजोबा परत नांगरावर आले. त्यांना गंमत वाटायची. मला नाही वाटली. तू हरायला लागलास की माणसाची जखम शोधायचास आणि त्यात बोट घालायचास. एकदा सगळ्यांच्या समोर म्हणालास, "दोन नांगर हुतं ना तुझ्याकडं? मग होडी का फुटली?"

माझी होडी वाऱ्यात नांगर ओढून खडपावर गेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तू बोललास. मी उठून घरी गेलो आणि त्या पावसाळ्यात तुझ्याशी एक शब्द बोललो नाही.

आणि तोच तू. होडी फुटली त्या आठवड्यात कारखान्यात खाडा करून आला होतास. माझ्या दारात बसलास. माझ्या हातातून जाळ्याचं टोक ओढून घेतलंस आणि विणायला लागलास. तुला विणता येत नव्हतं. दिवस मावळेपर्यंत विणलंस, सगळ्या गाठी चुकीच्या. तू गेल्यावर मी बसून तुझी प्रत्येक गाठ सोडली. त्या जाळ्यातून मासा गेला असता. पण सोडताना मला रडू येत होतं, आणि हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू ते कधी तरी चारचौघांत वापरलं असतंस. म्हणून सांगितलं नाही. बरंच केलं.

आता मनालीचं बोलू.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड वसईकडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आत गारवा, खाली लाकूड, वर पॉलिश, त्यात दिवे दिसत होते. आमच्या पोरीने असं लाकूड जन्मात बघितलं नव्हतं. ती तुझे काळे बूट घालून उतरली. ते बूट वर्षभर सुकटासोबत उन्हात वाळले होते, दगड झाले होते, खाचांत आमच्या गावाची रेती. चेंडू घेऊन ती धावली, थांबायला गेली आणि थांबलीच नाही. सरळ भिंतीपर्यंत. बाकीच्या पोरी हसल्या. दुसऱ्यांदा ती घाबरून हळू धावली. तिसऱ्यांदा चेंडू आला तर तिने दुसरीला देऊन टाकला. निवड झाली नाही.

आणि तू बाहेर येऊन सगळ्यांच्या पुढे तिला काय म्हणालास? "भित्री हायस. पाय उचलत न्हाईस. एवढी वर्सं शिकीवलं ते पान्यात."

मी बूट उलटा करून तुझ्या नाकासमोर धरला. नख दाबून दाखवलं. म्हटलं, "दगड हाय ह्यो, दत्तू. लाकडावर दगड धरंल?"

तू म्हणालास, "पुढल्या वर्सी ह्योच बूट घालून हीच पोरगी शिलेक्ट हुईल." एवढंच बोललास आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिलास. पोरगी गाडीत खिडकीला डोकं लावून बसली होती. तुझी चूक तिने स्वतःची म्हणून गिळली, कारण तू सर होतास. तिला वाटलं, सर चुकत नाहीत, पायच वाईट आहेत. वर्षभर ती पोरगी स्वतःच्या पायांना शिव्या देत पळत होती. तुझ्या हे लक्षात आलं नसेल असं मी मानत नाही.

हे वर्ष तिच्या वयोगटातलं शेवटचं. पुढच्या वर्षी ती मोठ्यांत जाणार, तिथे तिला कुणी विचारणार नाही. हे तुलाही माहीत होतं. तरी तू दवाखान्यात पडल्या पडल्या शालनला खाटेखालचं खोकं काढायला लावलंस. आत नवे काळे बूट. तुझा आवाज निम्मा झाला होता, हट्ट मात्र जसाच्या तसा. मनालीचा हात धरलास, सुई टोचलेल्या हाताने, आणि म्हणालास, "मने, ह्येच घालायचं. शब्द दे."

तिने दिला. काय करेल पोरगी?

मी पायाशी उभा होतो. म्हटलं, "दत्तू, पोरीला बांदून जाऊ नको."

तू म्हणालास, "मराया टेकलेल्या माणसासंगं भांडतूस व्हय रं?"

मी म्हटलं, "हो. जिता हायस तवर ऐकत नाय, मेल्यावर कुटं ऐकनार?"

शालन रडायला लागली. नर्सने मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं हेच. लोक विचारतात, शेवटी काय बोलणं झालं तुमचं? मी सांगतो, बुटांचं. त्यांना वाटतं मी सांगायचं टाळतोय.

तू गेलास. म्हातारी अजूनही उन्हं कलली की सुकट उचलते. कोर्टावर कुणी येत नाही, पोरींनी तोंड फिरवलंय, पण ती पाट्या भरते, खराटा मारते आणि रिकाम्या कोर्टाकडे बघत उभी राहते. मी विचारलं, कुनासाठी उचलतेस? म्हणाली, तू गप बस. तुझ्यासारखंच बोलायला लागली आहे.

फक्त मनाली खेळायची, एकटी. बूट जुने घालायची, नवे निवडीसाठी ठेवले होते, देवाजवळच्या फळीवर. मी सांगून बघितलं. आधी नीट सांगितलं, मग ओरडून.

"सरांना शब्द दिलाय मी."

"मेलेल्या मानसाचे पाय लाकडावर नाय घसरत. तुजे घसरतील."

"तुमाला त्यांचं काई चांगलं बघवलंच नाय कदी," ती म्हणाली. "ते गेले तरी तुमी त्यांच्याशी भांडता."

ते खरं आहे. पण ती घसरणार हेही खरं होतं. ती शब्द मोडणार नव्हती. घालायला बूटच उरला नाही तर शब्द कसला मोडायचा? मी फळीवरून खोकं काढलं आणि ओट्यावर बसून कापले. तुझं रबर चिवट निघालं, सुरीला दोनदा धार लावावी लागली. ती आली, बघितलं. रडली नाही. तुकडे गोळा करून खोक्यात भरले आणि बोईसरला तुझ्या घरी शालनला नेऊन दिले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ठीक आहे. तिने तुला शब्द दिला होता, मला नव्हता. तो कापायचं पाप माझ्या खाती राहू दे. मला झोप लागते.

मग बूट आणायचे होते. ती माप द्यायला तयार नव्हती. न्हाणीजवळच्या ओल्या मातीत तिचं पाऊल उमटलं होतं. मी त्यावर नायलॉनची दोरी धरली, टाचेला एक गाठ, बोटाला एक गाठ. बोईसरला दुकानात गेलो. दुकानदार हिंदीवाला. दोरी बघून म्हणाला, "चाचा, ये बकरी बांधने की है क्या?"

मी म्हटलं, "नातीचा पाय है. लकडी पे खेलती है. जो धरेगा वो दिखाव."

पहिला बूट त्याने दाखवला त्याचा तळवा काचेसारखा, आरपार दिसणारा. देखणा. मी दारातल्या पायपुसण्यावर घासला. सगळी धूळ त्याला चिकटून बसली, सोडेना. बाजूला. दुसरा काळा, टणक, खोल खाचांचा, तुझ्याच जातीचा. नख रुतलं नाही. तो मी जरा जास्त वेळ हातात ठेवला, मग बाजूला. तिसऱ्यात नख रुतलं, आणि उचललं तशी खूण भरून आली. तळव्यावर बारीक नागमोडी रेघा, बोंबलाच्या काट्यासारख्या एकाला एक लागून. फडकं ओलं करून मी तळवा पुसला आणि त्याच्या गुळगुळीत लादीवर दाबून ओढला. चीं करून जागच्या जागी अडला. परत ओढला. परत अडला. दुकानदार म्हणाला, "चाचा, पूरी दुकान पोंछोगे क्या?" मी त्याला लादीचा दुसरा कोपराही पुसायला लावला.

नखाची परीक्षा तुझी. दाबून ओढायची परीक्षा तुझी. तुझ्याकडून शिकलो नसतो तर मी त्या दुकानात रंग बघून बूट घेतला असता. हात तुझा होता, दत्तू, निकाल माझा होता. एवढं मी मान्य करतो.

निवडीला ती आली. जुने काळे बूट तोवर फाटले होते, हे नवे घातले नसते तर शाळेच्या चपला होत्या फक्त. बूट मी कापडी पिशवीतून नेले, जमिनीला लागू दिले नाहीत. हॉलच्या दारात पिशवी ठेवली आणि मागे झालो. तिने बराच वेळ पिशवीकडे बघितलं. मग घातले. नाडीची दुहेरी गाठ तू शिकवलेली.

पहिल्यांदाच थांबली तर बूट इतका अडला की ती पुढे तोंडावर पडता पडता वाचली. तिला घसरत थांबायची सवय होती. तिने पाय उचलून तळवा बघितला. परत धावली, परत थांबली. आणि मग, दत्तू, ती थांबायला लागली. एवढी जोरात पळायची आणि रेघेवर मेख ठोकल्यासारखी उभी राहायची. तिच्या अंगावर धावणाऱ्या पोरी पुढे वाहत जायच्या आणि हिच्यापुढे मोकळी रिंग. वर्षभर शिव्या खाल्लेले तेच पाय. तू बघायला हवं होतंस. तुझं तोंड बघायला मला मजा आली असती.

मी कडेला एक ओलं फडकं अंथरून ठेवलं होतं. आधी तिने त्याकडे बघितलं नाही. मध्येच लाकडावरच्या धुळीने पाय थोडा सरकला, तशी ती आली, फडक्यावर उभी राहिली, दोन्ही तळवे घासले आणि गेली. माझ्याकडे न बघता. मग दर थोड्या वेळाने येत राहिली. मी फडकं पिळून परत ओलं करत राहिलो. तेवढंच आमचं बोलणं.

नाव वाचलं गेलं. तिचं नाव ऐकल्यावर मी खाली बघत फडकं पिळत होतो, त्यात पाणी उरलं नव्हतं. निवड करणाऱ्या बाई तिच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सगळ्या घसरत होत्या, फक्त तू घसरत नव्हतीस. बूट चांगले निवडलेत. कुणी निवडून दिले?"

ती म्हणाली, "आमच्या सरांनी."

आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. बोला म्हणत होती, बोलून दाखवा.

मी तुझ्या एका खोट्याला कधी सोडलं नाही हे तिला माहीत आहे. तू बाकावर बसणारा होतास हे मी तिच्यासमोरच सांगितलं होतं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, सर कुठे आहेत?" मी म्हटलं, ते आज आले नाहीत.

तेवढं तुला दिलं. ती खोटं बोलली आणि मी ते राहू दिलं, आणि परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली. बोलली नाही, पण शेजारी बसली. मला तेवढ्यात भागतं.

पण एक ऐकून ठेव. आता ती जिल्ह्याकडून खेळेल, मोठ्या गावांत जाईल, लाकडावर खेळेल, बूट कुणी निवडले ते परत कुणी तरी विचारेल. पुढच्या वेळी मी खरं सांगणार आहे.